‘पुढे न्या’ या शब्दांचा हिशेब: ग्रामीण रुग्णालयांविषयी सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य,
तसेच ग्रामीण मतदारसंघांतून निवडून आलेले विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: ग्रामीण रुग्णालयांतील तज्ज्ञांची पथके आणि संदर्भित रुग्णांच्या नोंदींबाबत

महोदय, महोदया,

सार्वजनिक आरोग्य विभागात प्रथम अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख सिस्टर, म्हणून 31 वर्षे काम करून मी निवृत्त झाले. त्यांतील 19 वर्षे तीन वेगवेगळ्या तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत, आणि त्यातही बहुतेक काळ प्रसूतिकक्षात गेली. हे पत्र मी कोणत्याही संघटनेच्या वतीने लिहीत नाही. सेवेत असताना जे लिहिता येत नव्हते ते आता लिहिता येते, म्हणून लिहिते आहे.

प्रसूतिकक्षात एक जाड नोंदवही असते. दाखल झालेल्या प्रत्येक बाईचे नाव, गाव, वय, कितवी खेप, दाखल झाल्याची वेळ, प्रसूतीची वेळ, बाळाचे वजन असे रकाने त्यात ओळीने असतात. बाई आमच्याकडे बाळंत झाली नाही तर शेवटच्या रकान्यात ‘पुढील उपचारासाठी संदर्भित’ असे लिहायचे आणि शेजारी कारण द्यायचे, ही पद्धत. कारण म्हणून आम्ही काय लिहीत असू? अडलेली प्रसूती, रक्तदाब वाढलेला, बाळ आडवे, रक्तस्राव, तीव्र रक्तक्षय. यांतले एकही कारण खोटे नव्हते. तरीही ती संपूर्ण वही मला आज एक मोठे असत्य वाटते, कारण आम्ही पाठवणीचे कारण नेहमी बाईच्या शरीरात शोधून लिहिले, रुग्णालयात शोधून कधीच लिहिले नाही. ‘भूलतज्ज्ञाचे पद रिक्त’, ‘रक्तसाठा नाही’, ‘स्त्रीरोगतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर’ ही कारणे लिहायला त्या वहीत जागाच नाही. नातेवाइकांना मात्र आम्ही तोंडाने एवढेच सांगायचो, की पुढे न्या.

एका पावसाळ्यातली रात्र मला विसरता येत नाही. रुग्णालयाचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या एका इमारतीचा नव्हता. तिसऱ्या खेपेची बाई रात्री दहाच्या सुमारास आली. पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत तिला झोळीतून आणले होते. दोनच्या पुढे प्रसूती अडली आणि बाळाचे ठोके मंदावू लागले. आमच्याकडे शस्त्रक्रियागृह होते. टेबल होते, वरचा दिवा होता, भूल देण्याचे यंत्र होते आणि त्यावर हिरवे कापड नीट झाकलेले होते. स्त्रीरोगतज्ज्ञही होत्या, मुख्यालयी राहणाऱ्या, हाक मारली की दहा मिनिटांत येणाऱ्या, आणि त्या आल्याही. नव्हता तो भूलतज्ज्ञ. ते पद मी त्या रुग्णालयात रुजू होण्यापूर्वीपासून रिकामे होते. शहरातून बोलावण्यावर येणारे खाजगी भूलतज्ज्ञ घाटातल्या पावसामुळे त्या रात्री निघू शकत नव्हते. शस्त्रक्रिया करू शकणारी डॉक्टर बाईच्या उशाशी उभी होती आणि तिने स्वतःच्या हाताने संदर्भ चिठ्ठी लिहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत बाळ गेले होते. आई वाचली. आमच्या वहीत ‘अडलेली प्रसूती, संदर्भित’ अशी नोंद राहिली, आणि महिन्याच्या अहवालात त्या रात्रीचा मृत्यू आमच्या रुग्णालयाच्या नावावर लागला नाही.

केंद्राच्या भाषेत ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ते महाराष्ट्रात मुख्यतः ग्रामीण रुग्णालय म्हणून ओळखले जाते. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात 80 हजार लोकसंख्येमागे 30 खाटांचे असे एक रुग्णालय असावे, हे मानक आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने ज्या रुग्णाला पुढे पाठवले, त्याला तज्ज्ञ डॉक्टर प्रथम जिथे भेटावा ती ही जागा. त्या जागी तज्ज्ञ नसेल, तर ते रुग्णालय म्हणजे अधिक खाटांचे प्राथमिक आरोग्य केंद्र ठरते आणि रुग्णासाठी वाटेतला एक जादा थांबा होऊन बसते. 1946 च्या भोर समितीने खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत जोडलेल्या आरोग्यसेवेची कल्पना मांडली. 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही केंद्रे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांपर्यंत नेण्याचे वचन दिले. ती मानके 2007 मध्ये आली, 2012 मध्ये सुधारली, 2022 मध्ये पुन्हा सुधारली. मानके सुधारत राहिली याचे मी स्वागतच करते. पण पंधरा वर्षांत दोनदा सुधारलेल्या मानकांच्या खाली यंत्रावरचे हिरवे कापड तसेच राहिले, हेही सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या 2021-22 च्या अहवालानुसार 31 मार्च 2022 रोजी देशाच्या ग्रामीण भागात 5,480 सामुदायिक आरोग्य केंद्रे चालू होती आणि त्यांच्यासाठी आवश्यक तज्ज्ञांपैकी 79.5 टक्के उपलब्ध नव्हते. शल्यचिकित्सकांची कमतरता 83.2 टक्के, बालरोगतज्ज्ञांची 81.6, फिजिशियनची 79.1 आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची 74.2 टक्के होती. हे आकडे अनेकदा उद्धृत होतात. मात्र ही बेरीज फक्त या चार प्रकारच्या तज्ज्ञांची असते, भूलतज्ज्ञ त्यात धरलेलाच नाही, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ज्याच्यावाचून शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांचेही हात बांधले जातात, तोच देशाच्या सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या आकड्याच्या बाहेर आहे.

इथेच मला या पत्रातला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. विभाग पदे मोजतो. रुग्णाला मात्र पथक लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ही तीन पदे मंजूर असून त्यांतील दोन भरलेली असतील, तर आढाव्याच्या तक्त्यात ते रुग्णालय 67 टक्के भरलेले दिसते. न भरलेले पद भूलतज्ज्ञाचे असेल, तर रात्री दोन वाजता त्याच रुग्णालयाची सिझेरियन करण्याची क्षमता शून्य टक्के असते. दोन तज्ज्ञांचा पगार जातो, दोन निवासस्थाने वापरात असतात, दोन हुशार माणसे सकाळच्या ओपीडीत सर्दी-खोकल्याचे केसपेपर लिहीत बसतात आणि तीन-चार वर्षांत कंटाळून राजीनामा देतात. त्यांनी सोडले की आपण म्हणतो, डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाहीत. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांतले कितीतरी जण तयार होते. शिकलेले काम करता येत नाही म्हणून ते गेले. पाण्याची आणि शाळेची अडचण त्यांनी सोसली होती.

प्रतिनियुक्तीविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. तज्ज्ञाची नेमणूक ग्रामीण रुग्णालयात, वेतन ग्रामीण रुग्णालयाच्या नावावर आणि प्रत्यक्ष काम जिल्हा रुग्णालयात, ही व्यवस्था मी अनेकदा पाहिली आहे. जिल्हा रुग्णालयाची गरज खोटी नसते. तिथे गर्दी असते आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना, म्हणजे त्या रुग्णालयाच्या प्रमुखांना, रोजचे काम भागवायचे असते. पण ती गर्दी कुठून येते? ज्या तालुक्याचा तज्ज्ञ उचलून नेला, त्याच तालुक्याच्या बायका त्याच्या मागोमाग जिल्ह्याला जातात.

या साखळीचे शेवटचे टोक राज्याने 2023 मध्ये पाहिले. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी रुग्णालयाच्या बाजूने असे सांगण्यात आले होते, की 70-80 किलोमीटरच्या परिसरातले हे एकच मोठे रुग्णालय असल्यामुळे दूरदूरचे गंभीर रुग्ण इथेच येतात. चर्चा औषधांच्या आणि मनुष्यबळाच्या तुटवड्यावर झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु परिसरातल्या तालुक्यांची रुग्णालये त्या रुग्णांना का थांबवू शकली नाहीत, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. चौकशी समित्या मृत्यू जिथे होतो तिथे जातात. रुग्ण जिथून पाठवला जातो तिथे जाणारी समिती मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जे धोरणात्मक निर्णय झाले, त्यांतील चांगल्याला चांगले म्हणण्यात मला संकोच नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे थोडे असत, पण खिडकीपाशी पदराची गाठ सोडणारी म्हातारी ज्याने पाहिली आहे त्याला या निर्णयाचे मोल कळेल. औषध खरेदीसाठी 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तामिळनाडूने हे काम 1994 मध्येच एका वैद्यकीय सेवा महामंडळाकडे सोपवून औषधांचा पुरवठा सुरळीत केला होता. आपल्याकडे त्याआधी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत झालेल्या औषध खरेदीचा अनुभव समाधानकारक नव्हता हे प्रत्येक औषध भांडारातील कर्मचाऱ्याला माहीत आहे, आणि नव्या प्राधिकरणाची कसोटी पुण्या-मुंबईच्या गोदामात लागणार नसून तालुक्याच्या फ्रीजमध्ये बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन वेळेवर असते की नाही यावर लागणार आहे.

विम्याच्या वाटेविषयी मात्र मला गंभीर शंका आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2023 च्या निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला या योजनेने वाचवले आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण योजनेचा पैसा अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयाकडे जातो, अंगीकृत होण्यासाठी तज्ज्ञ आणि सुविधा लागतात, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयाकडे तज्ज्ञ नाही त्याला तो पैसा मिळत नाही. पैसा मिळत नाही म्हणून ते सुधारत नाही. ज्या तालुक्यात एकही अंगीकृत रुग्णालय नाही तिथल्या बाईच्या हातातले कार्ड तिला जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचवत नाही. अंगावरून रक्त जाणाऱ्या बाळंतिणीला उपचार मिळाला नाही तर साधारण दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. विम्याची मर्यादा पाच लाखांची पंचवीस लाख केली तरी ते दोन तास वाढत नाहीत.

केंद्राच्या निधीचा ओघ पाहिला तरी मधली पायरीच सुटलेली दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली. तो पैसा मुख्यत्वे उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांतील तपासण्या आणि तालुका पातळीवरील सार्वजनिक आरोग्य युनिटे यांच्यासाठी होता. 2021 मध्येच आलेल्या पायाभूत सुविधा अभियानातून जिल्हा पातळीवर अतिदक्षता विभागांच्या इमारती उभ्या राहात आहेत. खाली ‘आरोग्य मंदिर’ असे नाव मिळालेली उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे सजत आहेत, वर अतिदक्षता विभाग बांधले जात आहेत, आणि त्यांच्या मधोमध ग्रामीण रुग्णालय कोणत्याच योजनेचे लाडके नसल्यासारखे उभे आहे. याला एक प्रशासकीय कारणही आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तर वेगळ्याच मंत्र्यांच्या खात्यात. एकाच बाईचा एका रात्रीचा प्रवास तीन कार्यालयांच्या हद्दींतून होतो आणि तिन्ही कार्यालयांत तिची नोंद तीन वेगळ्या क्रमांकांनी होते. ‘आमच्याकडून वेळेत पाठवली होती’ हे वाक्य तिन्ही ठिकाणी खरे असू शकते.

2022 च्या मानकांनी सामुदायिक आरोग्य केंद्रांचे दोन वर्ग केले आहेत. ज्यात चोवीस तास सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बालकांची सेवा आणि रक्तसाठवणूक असते ते प्रथम संदर्भ केंद्र, म्हणजे आम्ही ज्याला एफआरयू म्हणतो ते. आणि उरलेली साधी केंद्रे. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात उद्या शस्त्रक्रिया सुरू होणार नाहीत हे न समजण्याइतकी मी भाबडी नाही. भीती वेगळी आहे. एखादे रुग्णालय साध्या वर्गात टाकले, की तिथे भूलतज्ज्ञ नसणे ही उणीव राहात नाही. मानकानुसार तो तिथे अपेक्षितच नसतो. लोकांच्या गरजेत काहीही बदल न होता तक्त्यातली कमतरता कमी करण्याचा हा सोपा मार्ग होऊ शकतो. म्हणून कोणते रुग्णालय कोणत्या वर्गात जाणार याचा निर्णय आज तिथे कोण उपलब्ध आहे यावर होऊ नये; तिथून पुढचे चालू शस्त्रक्रियागृह किती वेळाच्या अंतरावर आहे यावर व्हावा.

वेळाचे अंतर म्हणते, किलोमीटरचे नव्हे. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. तेव्हा गडचिरोली नकाशावर किती लांब आहे याला काही अर्थ उरत नाही. धडगावहून नंदुरबारला यायचे तर सातपुड्याचे घाट उतरावे लागतात. मेळघाटात धारणीहून अमरावती सुमारे 150 किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग जंगलाचा व वळणांचा. मेळघाटातील बालमृत्यू आणि मातामृत्यू यांविषयीच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे वर्षानुवर्षे चालू आहेत आणि तज्ज्ञांच्या नेमणुकांबद्दल न्यायालयाने शासनाला वारंवार विचारले आहे. न्यायालयाने विचारल्यावर पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने तज्ज्ञ पाठवले जातात. पाळीने आलेला डॉक्टर रुग्णालयाचा होत नाही, दुसरा आठवडा लागला की त्याचे डोळे परतीच्या वाटेकडे लागलेले असतात. मी त्याला दोष देत नाही.

2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होता. देशाचा 97 आणि केरळचा 19. केरळनंतर आपला क्रमांक दुसरा होता, याचा माझ्यासारख्या प्रत्येक परिचारिकेला अभिमान आहे, कारण त्यात आशाताईंचे, एएनएम भगिनींचे आणि आमचे श्रम आहेत. पण सरासरी राज्याची असते आणि बाळंतपण तालुक्यात होते. उरलेले मृत्यू कमी करण्यासाठी दवाखान्यात प्रसूती होणे एवढे पुरत नाही. तो दवाखाना अडचणीच्या वेळी काय करू शकतो हे ठरवावे लागते.

रिक्त पदे भरण्याबाबत मी कोणतीही अशक्य गोष्ट मागत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा राज्यातील आरोग्यसेवांवरील अहवाल डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळात सादर झाला, आणि त्यात डॉक्टरांची चतुर्थांशाहून अधिक व परिचारिकांची सुमारे तृतीयांश पदे रिकामी असल्याचे दिसते. सन्माननीय सदस्यांनी तो अहवाल आपापल्या तालुक्यापुरता तरी वाचावा ही विनंती. उपाय सरकारच्या हातात आधीच आहेत. एमबीबीएस डॉक्टरला 18 आठवड्यांत भूल देण्याचे जीवरक्षक कौशल्य शिकवणारा अभ्यासक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानात कित्येक वर्षांपासून आहे, आणि तो शिकलेले डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांना नंतर जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे तिथेच नेमायचे एवढी साधी काळजी घेतली गेली नाही, आणि काही जण प्रशासकीय बदलीत अशा जागी गेले जिथे शस्त्रक्रियागृहच नव्हते. 2022 मध्ये सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात 20 टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. हा उत्तम निर्णय आहे. त्यातून तयार होणारे भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ परत येताना जोडीने एका रुग्णालयात यावेत, असा नियम आपण एका परिपत्रकाने करू शकता. दुर्गम भागासाठी तज्ज्ञांनी स्वतः वेतन सुचवायचे आणि शासनाने ते द्यायचे, ही पद्धतही अभियानात उपलब्ध आहे. छत्तीसगडने अवघड भागांचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला वेगळा भत्ता दिला. मराठवाड्यातल्या सडकेलगतच्या तालुक्याला आणि अक्कलकुव्याला एकच मोजमाप लावणे न्यायाचे नाही.

कंत्राटी सहकाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आज ग्रामीण रुग्णालयाची रात्रपाळी कितीतरी ठिकाणी राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिका आणि तंत्रज्ञ सांभाळतात. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 रोजी निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना संपावर जावे लागले. स्वतःच काढलेला निर्णय अमलात आणण्यासाठी शासनाला कर्मचाऱ्यांच्या संपाची गरज पडू नये. माझ्या हाताखाली प्रसूतिकक्ष शिकलेल्या मुली अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर चाळिशीला पोहोचल्या आहेत.

आता मागणी. ती मुख्यतः एकच आहे, आणि तिच्यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत आणि संगणकीय अहवालात, संदर्भित केलेल्या प्रत्येक रुग्णापुढे दुसरे कारण लिहिण्याचा रकाना वाढवा: रुग्णालयात काय नव्हते म्हणून पाठवले. भूलतज्ज्ञ नव्हता, रक्त नव्हते, वीज नव्हती, तज्ज्ञ रजेवर किंवा प्रतिनियुक्तीवर होता, की खरोखरच रुग्णाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या दर्जाचे उपचार हवे होते. सोबत, रुग्ण पुढे किती वाजता पोहोचला आणि त्याचे काय झाले ही माहिती पुढच्या रुग्णालयाने परत पाठवलीच पाहिजे असे बंधन घाला. आज आमच्या रुग्णाचे पुढे काय झाले हे आम्हाला रुग्णवाहिकेच्या चालकाकडून कळते. या नोंदींचा गोषवारा, रुग्णाचे नाव न देता, दर महिन्याला रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावा आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचा.

या नोंदीचा पहिला उपयोग पदे भरण्यासाठी व्हावा. वर्षभराच्या नोंदींतून ज्या रुग्णालयात एकाच उणिवेमुळे सर्वाधिक पाठवण्या झाल्या, तिथे ती उणीव आधी भरून काढावी. आणि तज्ज्ञांच्या बदल्या यापुढे व्यक्तींच्या न होता पथकांच्या व्हाव्यात, म्हणजे भूलतज्ज्ञाला हलवायचे असेल तर त्याच्या जागी दुसरा रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये. एफआरयू म्हणून घोषित रुग्णालयातील तज्ज्ञाची प्रतिनियुक्ती मंत्रालयाच्या लेखी मान्यतेशिवाय होऊ नये. रक्तसाठवणूक केंद्राचा परवाना आहे पण पिशवी नाही, अशी स्थिती सलग महिनाभर राहिली तर जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांवर निश्चित व्हावी.

दुसरे असे, की लोकांना या हिशेबात परत आणा. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावकरी दवाखान्याचे प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरत आणि तालुक्याच्या जनसंवादात अधिकाऱ्यांसमोर ठेवत. एका जनसंवादात मी व्यासपीठामागे बसले होते. सुरुवातीला मला राग आला होता, कारण लाल रंग आमच्या पदरात पडला होता. मग एका म्हाताऱ्या बाईने उठून सांगितले, की सिस्टरांविषयी तक्रार नाही, त्या रात्री जागतात; तक्रार ही आहे की त्या जागून काय करणार. त्या बैठकीनंतर तीन महिन्यांत आमचे रक्तसाठवणुकीचे यंत्र दुरुस्त झाले. चार वर्षे मी ज्यासाठी पत्रे लिहीत होते ते काम त्या एका वाक्याने झाले. ही प्रक्रिया आज बहुतेक जिल्ह्यांत क्षीण झाली आहे. तिला नियमित निधी आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर वैधानिक स्थान द्यावे.

शासनापाशी पैसा नाही, हे उत्तर या विषयात देता येत नाही, आणि हे मी म्हणत नाही. पश्चिम बंगालमध्ये 1992 साली रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून पुढे पाठवले. त्या प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा भंग आहे आणि आर्थिक अडचणींची सबब सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 ने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले आणि त्यासाठी 2020 ची मुदत दिली होती. ती मुदत उलटून गेली आहे. येत्या अर्थसंकल्पात आपण त्या दिशेने किती पाऊल टाकणार, आणि त्यातला किती वाटा ग्रामीण रुग्णालयांना देणार, हे सभागृहात सांगावे.

सन्माननीय आमदारांना एक वेगळी विनंती आहे. आपल्या मतदारसंघातील ग्रामीण रुग्णालयाला आपण भेट देता तेव्हा सहसा सकाळी देता, आणि त्या दिवशी चादरी बदललेल्या असतात. एकदा न कळवता रात्री जा. प्रसूतिकक्षातील सिस्टरला एवढेच विचारा, की या क्षणी एखाद्या बाईला सिझेरियन करावे लागले तर ते इथे होईल का, आणि नाही तर का नाही. ती जे सांगेल ते लिहून घ्या आणि तारांकित प्रश्न म्हणून सभागृहात विचारा. तिचे नाव मात्र कुठे घेऊ नका.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको आहे. नव्या रकान्याचे परिपत्रक निघाले, तर ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात पोहोचेल आणि तिथल्या कोणत्याही सिस्टरकडून मला ते कळेल.

आपली विश्वासू,
सार्वजनिक आरोग्य विभागातील एक निवृत्त परिसेविका